खांबाला सांगा

मी ज्या बाईंकडे कामाला आहे त्या शास्त्रज्ञ आहेत. हे मी आमच्या सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या गल्लीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "मग पत्रिका बघत असतील." मला समोरच्याला "नाही" म्हणायची भारी लाज वाटते, म्हणून मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने मुलीची पत्रिका माझ्या पिशवीत घातली. मी ती तशीच नेऊन बाईंसमोर ठेवली आणि झालं ते सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांच्या खुर्चीचं चाक मागे जाऊन भिंतीला लागलं. मग म्हणाल्या, "तिला सांग, मंगळ ठीक आहे, पण मुलगी बारावीला नापास झाली तर सगळे ग्रह फिरतील." मुलीने त्या वर्षी मान मोडून अभ्यास केला. शेजारीण अजून बाईंना मोठ्या ज्योतिषी समजते.

बाईंचं बोलणं मी इथे सरळ लिहिते आहे, पण ते कानावर सरळ येत नाही. जन्माच्या वेळी त्यांच्या मेंदूला हवा कमी पडली, तेव्हापासून हात, पाय आणि मान त्यांच्या हुकमात नाहीत. एक हात बोलावला की दुसराच येतो. जीभही त्याच घरची. नव्या माणसाला वाटतं, बाई कण्हताहेत. प्रत्यक्षात त्या त्याच्या शर्टाच्या रंगावर काहीतरी बोललेल्या असतात.

त्यांचे वडील अमरावतीकडून नोकरीसाठी सुरतेला आले. बाई इथेच वाढल्या. आईवडील शाळेत नाव घालायला गेले तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "हिला शाळेत घालून काय करणार?" बाईंची आई म्हणाली, "बाकीच्यांना घालून तुम्ही करता तेच." आईने कडेवर घेऊन शाळा केली, पुढे कडेवर मावेनात तेव्हा भाड्याची सायकल रिक्षा केली. कॉलेजात रसायनाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक बाईंचे हलणारे हात बघून म्हणाले, "परीक्षानळी कशी धरणार तुम्ही?" बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही धरा. आता काय होणार ते मी आधीच सांगते." मग त्या सांगत गेल्या, आता हे घाला, आता निळं होईल, आता नाक बाजूला घ्या. सरांनी एकदा नाक बाजूला घ्यायला उशीर केला. बाई अजून ती गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, "प्रॅक्टिकल सरांनी केलं, मार्क मला मिळाले."

पुढे तशीच त्यांची रीत झाली. हात दुसऱ्याचे, डोकं त्यांचं. अशाच रीतीने त्या डॉक्टर झाल्या, औषध देणाऱ्या नव्हे, अभ्यासाच्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं आता मोठमोठ्या जागांवर आहेत आणि दिवाळीला फोन करून त्यांच्याशी घाबरत बोलतात. एक जड पदक आहे, ते स्वयंपाकघरातली खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिच्या फटीत लावलेलं असतं. मी एकदा घासून पुसून कपाटात ठेवलं तर बाई ओरडल्या, "अगं, ते कामाला लागलं होतं, कशाला रिटायर केलंस?"

त्यांचं मोठं काम म्हणजे रंगाचं पाणी. आमच्या भागात मिलमध्ये कापड रंगवतात आणि उरलेलं पाणी लाल, निळं, जांभळं होऊन बाहेर पडतं. बाईंनी विचार केला, ज्या खाडीत इतकी वर्षं रंग जातोय तिथल्या चिखलात कोणीतरी रंग खाऊन जगायला शिकलंच असेल. म्हणून त्या चाकाच्या खुर्चीतून खाडीच्या काठावर गेल्या आणि विद्यार्थ्यांना बरणीत चिखल भरायला लावला. एक म्हातारे गृहस्थ बरणी बघून जवळ आले, हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?" बाई म्हणाल्या, "अजून कोणी नाही, आम्ही जिवंत शोधतोय." विद्यार्थ्याने हे त्यांना सांगितलं नाही, नुसतीच मान खाली घातली. त्या चिखलातून बाईंना रंग खाणारे जंतू मिळाले. ते गुळाच्या पाण्यावर वाढतात. मला समजावं म्हणून बाईंनी सांगितलं, "विरजणासारखं. चमचाभर लावायचं, बाकीचं ते करतात. आणि दूध कढत असलं की विरजण मरतं, तसेच हेही मरतात."

मी त्यांच्याकडे आले ती स्वयंपाकाला. सुरुवातीला त्यांचं बोलणं मला अजिबात समजत नव्हतं आणि "काय म्हणालात?" विचारायची लाज वाटायची. मग मी मनानेच काहीतरी आणून द्यायची. त्या चहा मागायच्या, मी पंखा लावायची. त्या पंखा बंद कर म्हणायच्या, मी चादर आणायची. एका दुपारी त्यांच्यासमोर चादर, कंगवा, ठेचा आणि छत्री एवढं जमलं आणि त्यांना हवा होता फक्त चष्मा. तेव्हा बाईंनी मला स्टीलचा पेला आणि चमचा हातात घ्यायला लावला. "समजलं नाही की पेल्यावर एकदा वाजव. बोलायला नको, लाजायला नको. मी परत सांगीन." पहिले काही महिने आमच्या घरातून देवळासारखा आवाज येत असे. मग आवाज कमी होत गेला. आता घरात पेला फक्त पाणी प्यायला लागतो.

भाच्याने बाहेरदेशातून बोलणारं मशीनही पाठवलं होतं. बोटाने अक्षरं दाबायची, ते मोठ्याने बोलतं. बाईंचं बोट तीन अक्षरं चुकवून चौथं लावायचं. आणि आवाज असा की मशीन रागावलं तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, आता फलाटावर गाडी येणार. बाईंनी ते ठेवून दिलं. म्हणाल्या, "याच्यापेक्षा ही बरी."

ही म्हणजे मी. असा मला आवाज व्हायचं काम लागलं. मी चौथी शिकलेली, घरातही मी मोठ्याने बोलले की भांडं पडल्यासारखं सगळे वळून बघतात. आणि बाईंचा कायदा कडक. त्या म्हणतील तसंच्या तसं सांगायचं. मी सुरुवातीला मऊ करून सांगायची. त्या म्हणायच्या, "कोणत्या गाढवाने बाटलीचं झाकण उघडं ठेवलं?" आणि मी प्रयोगशाळेतल्या मुलांना म्हणायची, "बाई विचारतात, झाकण राहिलं का रे?" बाईंचे कान चांगले आहेत. त्या मला म्हणाल्या, "माझी जीभ वाकडी आहे तेवढी पुरे. तू माझं बोलणं आणखी वाकडं करू नकोस. गाढव म्हटलं तर गाढव सांग." मग मी सांगायला लागले. फक्त राग मला येत नाही, त्यामुळे मी वाटीभर साखर मागावी अशा आवाजात म्हणायची, "बाई म्हणतात, तुम्ही गाढव आहात." समोरचा माणूस आधी "बरं" म्हणायचा आणि मग दचकायचा.

एका समारंभात एक साहेब आले आणि बाईंसमोर उभं राहून मला विचारू लागले, "यांना समजतं का सगळं?" सगळे लोक हेच करतात. बाई काय खातात, बाईंना साखर चालते का, बाईंना बरं वाटतंय का, सगळं माझ्याकडे बघून. बाई बोलल्या, मी सांगितलं, "बाई म्हणतात, तुमच्याएवढं नाही समजत, पण डॉक्टरेटपुरतं समजलं." साहेब हसले, आणि परत माझ्याचकडे बघून म्हणाले, "विनोदी आहेत हां!"

आता मिलची गोष्ट.

बाईंचे जंतू काचेच्या भांड्यात रंग खात होते, पण सगळे म्हणायचे, भांड्यात काय, काहीही होतं. बाईंना ते फार लागायचं. आयुष्य काचेच्या भांड्यात गेलं म्हणायच्या, एकदा खऱ्या मिलच्या खऱ्या घाण पाण्यात करून बघायचंय. शेवटी पांडेसऱ्यातल्या एका शेठनी त्यांच्या मिलच्या मागच्या अंगणातल्या जुन्या तीन टाक्या दिल्या. ते इकडच्या पद्धतीने सरळ बोलले, "दिवाळी पछी आ टांकी तोडी नाखवानी छे, बेन. त्यां सुधी करो." दिवाळीनंतर टाक्या तोडायच्या, तोवर करा. दिवाळीच्या सुट्टीआधी ते दुसऱ्या मिलवाल्यांना बघायला बोलावणार होते. पाणी स्वच्छ दिसलं तर टाक्या राहणार. नाही दिसलं तर तोडणार, आणि बाईंना पुन्हा कोणी टाकी देणार नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही रिक्षातून उतरलो. मिलमधले दोन कामगार बाईंची खुर्ची ओल्या फरशीवरून ढकलत मागे घेऊन गेले. तिथे टाक्यांच्या वालवर, म्हणजे पाणी सोडायच्या-अडवायच्या चाकावर, जो माणूस होता त्याला बघून मी खुर्चीच्या मागे लपले आणि पदर हनुवटीपर्यंत ओढला. ते माझे जेठ होते, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. ते पाण्याच्या कामावर आहेत एवढंच मला ठाऊक होतं, कोणत्या मिलमध्ये ते विचारायची वेळच आली नव्हती. आम्हा खानदेशी बायकांचं जेठांशी बोलणं नसतं. त्यांच्यासमोर पदर डोक्यावर आणि तोंड बंद. ते घरात येताना दारात खाकरतात, मी आत जाते. लग्न होऊन मुलं मोठी झाली, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही आणि त्यांनी माझं तोंड बघितलं नाही. भांडण नाही काही. मान असतो तो.

जेठांनीही मला ओळखलं. पदरावरून ओळखलं असेल. ते लगेच शेडच्या बाहेर निघून गेले.

बाई म्हणाल्या, "हा माणूस पळाला कुठे?"

परत जाताना रिक्षात मी त्यांना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे मला बोलता येत नाही म्हणून तू बोलतेस, आणि तुला बोलता येतं पण बोलायचं नाही?" मी म्हटलं, "हो." त्या घरापर्यंत मधूनमधून हसत होत्या. घरी आल्यावर फरशीवर खुर्चीच्या चाकांच्या दोन निळ्या रेघा उमटल्या. पुढे तेच झालं. मिलमध्ये त्या दिवशी कोणता रंग चालला होता ते आमच्या फरशीवर वाचता यायचं.

काम असं होतं. पहिल्या टाकीत मशीनमधून कढत रंगाचं पाणी यायचं आणि निवायचं. निवलं की वाल उघडून मधल्या टाकीत सोडायचं, तिथे बाईंचे जंतू, त्यांनी रंग खाल्ला की पाणी शेवटच्या टाकीत. नवं कढत पाणी यायच्या आत वाल बंद करायचा. एवढंच जेठांचं काम. ते चोख करत असत, आम्ही नसलो की. आम्ही आलो की ते मानाने बाहेर जात.

एक दिवस बाईंना तपासायला वेळ लागला. ऊन होतं, मी सावली बघून बसले. सावली नेमकी वालच्या चाकाशेजारी होती. वाल उघडा होता. बंद करायची वेळ झाली तेव्हा जेठ शेडच्या बाहेर उभे, आणि आत वालला टेकून मी. ते आत येणार कसे? त्यांनी बाहेरून खाकरलं. परत खाकरलं. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मग म्हणे ते इतके खाकरले की एका कामगाराने त्यांना पाणी आणून दिलं. तोवर कढत पाणी मधल्या टाकीत गेलं आणि बाईंचे सगळे जंतू मेले.

घरी येऊन बाईंनी मला फ्रिज उघडायला लावला. ठेच्याच्या वाटीमागे एक लहान बाटली होती, त्यात थोडं विरजण शिल्लक होतं. ते गुळाच्या पाण्यावर पुन्हा वाढवायचं आणि दिवाळी तर तोंडावर आलेली. बाई बाटलीकडे बघत म्हणाल्या, "आता हे गेले तर मी परत खाडीवर जाणार नाही. माझं वय झालं आणि त्या खाडीचंही." मग म्हणाल्या, "उद्या तुझ्या जेठांना मी रागावणार आहे. तू सांगशील."

घरी मी हे सांगितलं तर नवऱ्याच्या हातातला घास थांबला. "मन्हा भाऊले तू रागावशी?"

"मी नाही, बाई रागावणार."

"तोंड कोनं?"

हे मात्र खरं होतं, तोंड माझंच. जेठाणी शेजारच्याच खोलीत राहतात. त्या आल्या, सगळं ऐकलं आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडून झाल्यावर म्हणाल्या, "घरमा मी बाहेर जाऊ तवय तू काय करस? भितले सांगस ना, चहा ठेयेल शे म्हनीसन?"

"हो."

घरी जेठ एकटे असले की चहाचं मी भिंतीलाच सांगते. जेठाणी म्हणाल्या, "मंग तठे खांब व्हई. खांबले सांग. त्यासले ऐकू येस."

खांब होता. शेडच्या मधोमध, सिमेंटचा, जाड. दुसऱ्या दिवशी जेठ त्याच्या पलीकडे उभे राहिले, मी अलीकडे. बाईंची खुर्ची बाजूला, दोघांना दिसेल अशी.

बाई म्हणाल्या, "विचार, वाल बंद का नाही केला?"

मी पदर ओढून खांबाला म्हटलं, "बाई विचारतात, वाल बंद का नाही झाला?"

पलीकडून जेठांनी खांबाला सांगितलं, "वालजवळ मानूस बसेल व्हतं."

"कोण माणूस?" बाई म्हणाल्या.

"कोण माणूस?" मी खांबाला विचारलं.

खांब खाकरला. मग म्हणाला, "घरनंच मानूस."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले. मी खांबाला म्हटलं, "बाईंना समजलं."

त्याच वेळी शेठ आले. त्यांनी बघितलं, एक बाई खांबाशी बोलतेय, पलीकडे त्यांचा माणूसही खांबाशी बोलतोय आणि शास्त्रज्ञ बेन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताहेत. "आ थांभलामां शुं छे?" ते घाबरून म्हणाले, या खांबात काय आहे? लाजेने आम्ही दोघंही बोललो नाही. शेठनी खांबाभोवती फेरी मारली, कान लावला, बोटाने ठोकून बघितला. दुसऱ्या दिवशी एक मिस्त्री येऊन खांबाची तपासणी करून गेला. खांब मजबूत आहे म्हणाला.

मग काम सुरळीत चालू झालं. मी वालपासून लांब बसायची, जेठ आत राहायचे आणि खांब मध्ये. काही दिवसांनी बाई रिक्षात म्हणाल्या, "तुझ्या लक्षात आलं का? सगळे लोक मी बोलताना तुझ्याकडे बघतात. तुझ्या जेठांना तुझ्याकडे बघता येत नाही. मग ते बघतात माझ्याकडे."

मी म्हटलं, "मग कुठे बघणार ते?"

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या आणि बाहेर बघत बसल्या. त्या फार खुशीत होत्या. उधना दरवाजापाशी रिक्षा अडकली तरी चिडल्या नाहीत.

मी दुसऱ्या दिवशी बघितलं. पदराआडून जेवढं दिसतं तेवढं. बाई बोलत तेव्हा जेठ त्यांच्या तोंडाकडे बघत, कपाळाला आठ्या घालून, जसं माणूस लांबच्या बसची पाटी वाचतो तसं. मी खांबाला सांगायच्या आत एकदा त्यांनी गुळाचं पाणी ओतलंही. मला वाटलं, अंदाजाने केलं असेल. मग एक दिवस बाई बोलल्या आणि मी तोंड उघडायच्या आत ठण् असा आवाज आला. जेठांनी हातातल्या पान्याने पाइपावर एकदा ठोकलं होतं आणि ते बाईंकडे बघत होते. पेल्याची गोष्ट मी घरी जेठाणीला सांगितली होती, ती त्यांच्यापर्यंत पोचली असणार. बाई तोच शब्द परत म्हणाल्या. जेठांनी मान हलवली आणि वाल अर्धा फिरवला. मी खांबाकडे बघत राहिले. मला सांगायला काही उरलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी टाक्या तयार झाल्या. पहिलीत गडद लाल पाणी, मधलीत फिकट गुलाबी, शेवटच्या टाकीत विहिरीसारखं स्वच्छ. बाईंनी मला त्यात हात घालायला लावला आणि तो उलटसुलट करून दाखवायला लावला. रंग लागला नव्हता. त्या दिवशी त्यांनी दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि चावायला संध्याकाळ केली.

ज्या दिवशी मिलवाले येणार त्या दिवशी आम्ही शेडमध्ये गेलो आणि बघते तर काय. शेठनी पाहुण्यांसाठी खांब सजवला होता. त्याला वरपासून खालपर्यंत छापील कापड गुंडाळलं होतं आणि त्यावर शेठचाच मोठा फोटो, हात जोडलेला. खांब म्हणजे आता शेठ झाले होते. बाई म्हणाल्या, "बघू नकोस फोटोकडे. खांब आतमध्ये तोच आहे."

पाहुणे आले. शेठनी लोचो, म्हणजे सुरतेचा मऊ ढोकळा, आणि चहा ठेवला होता. सगळे बाईंना नमस्कार करून मला विचारत होते, बेनने फावशे ने, बेन थाकी तो नथी ने, बाईंना चालेल ना, दमल्या नाहीत ना. मी शेठच्या फोटोकडे तोंड करून उत्तरं देत होते. फोटो हात जोडून ऐकत होता. तिन्ही टाक्या दाखवल्या. लोक वाकून बघायला लागले, "वाह" म्हणायला लागले. मला वाटलं, झालं.

तेवढ्यात इच्छापोरकडचे एक वयस्कर कारखानदार मागून पुढे आले. त्यांनी शेवटच्या टाकीत बघितलं आणि हसून मोठ्याने म्हणाले, "ये तो बोरिंग का पानी है. रात को भर दिया होगा." लोक टाकीपासून मागे सरकले. आमच्या शेठचा चेहरा उतरला. ते बाईंकडे बघेनात.

बाई बोलायला लागल्या. पण त्या चिडल्या होत्या, आणि चिडल्या की त्यांचे हात उसळतात, मान फिरते आणि शब्द एकमेकांत अडकतात. मला एक अक्षर कळेना. त्या परत बोलल्या, आणखी जोरात. मी पेला शोधायला लागले. हातात लोचोची कागदी वाटी होती, तिच्यावर चमचा वाजत नाही. पाहुणे माझ्याकडे बघत होते, सगळेच्या सगळे माझ्याकडे. मला दिसत होतं, आता हे लोक हात पुसून निघून जाणार, दिवाळीनंतर टाक्या तुटणार, आणि बाईंना ते ठाऊक आहे.

ठण्.

सगळे वळले. पाइपाशी जेठ उभे होते, हातात पाना. ते बाईंकडे बघत होते. दुसऱ्या कोणाकडेच नाही. बाईंनी श्वास घेतला आणि परत बोलल्या. जेठांनी आणखी एकदा ठोकलं. बाई तिसऱ्यांदा बोलल्या, आता सावकाश. जेठ पुढे आले आणि हिंदीतून त्या कारखानदारांना म्हणाले, "मॅडम इन साहब को बोल रही हैं कि रात को पानी भरना था तो बीच वाली टाकी में गुलाबी काहे को रखती? चोरी करनी होती तो पूरी करती, आधी नहीं करती. टाकी तीन हैं, आँखें दो हैं, एक-एक करके देखो."

बरोबर सांगितलं होतं. आता मलाही कळलं होतं. फक्त एक शब्द त्यांनी बदलला होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला चांगली ठाऊक आहे, झाकण उघडं राहिल्याची. आणि इतकी वर्षं जो कायदा माझ्या हाडात बसलाय तो माझ्या तोंडातून बाहेर आला. मी खांब विसरले. पदर विसरले. सरळ जेठांकडे बघून म्हटलं, "दादा, बाई साहेब नाही म्हणाल्या. गाढव म्हणाल्या."

मशीनही तेवढ्यात थांबलं होतं, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. आणि गाढव शब्द सुरतेत कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मी शेठच्या फोटोमागे जाऊन उभी राहिले. जमीन फाटावी असं वाटत होतं. मग जेठांचा आवाज आला, हळू, फोटोच्या दिशेने. "खांबले सांगा, मी ऐकं." ऐकलं म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता.

ते कारखानदार पहिल्या टाकीपाशी गेले. मग मधल्या. बराच वेळ वाकून गुलाबी पाणी बघत राहिले. शेवटच्या टाकीत त्यांनी हात घातला, वास घेतला, मग मागे येऊन मधल्या टाकीत घातला आणि त्यांची बोटं गुलाबी झाली. ते बाईंसमोर आले. माझ्यासमोर नाही, मी तर फोटोमागे होते. गुलाबी हात जोडून ते बाईंना म्हणाले, "गधेडो तो गधेडो, बेन, पण पाणी तो चोख्खुं छे."

सगळे हसायला लागले, सर्वांत आधी आमचे शेठ. टाक्या तोडायचं कोणी बोललं नाही. बाई त्या कारखानदारांना काहीतरी म्हणाल्या आणि त्यांनी आजूबाजूला बघत विचारलं, "शुं कह्युं?" जेठ म्हणाले, "मॅडम बोलती हैं, शब्द वापस लिया."

ते मी फोटोमागून ऐकलं. बाई म्हणाल्या होत्या, "अर्धा परत घेतला." पण आता मी काही बोलले नाही.

संध्याकाळी घरी जेठाणी दारात उभ्याच होत्या. "बोलनी म्हने तू? गाढव म्हननी?"

"बाई म्हणाल्या."

"आनि त्यासले दादा म्हननी?"

ते मात्र मीच म्हटलं होतं. नवरा आतून म्हणाला, "आते मन्हा भाऊ जेवाले येवाना का नही?" जेठ आले. दारात खाकरले. मी आत गेले. सगळं नेहमीसारखं झालं. फक्त जेवून उठताना ते भिंतीला म्हणाले, "कढी चांगली व्हयनी." इतक्या वर्षांत भिंतीला त्यांनी असं कधी सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतर इच्छापोरच्या त्या कारखानदारांनी बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, येईन, पण वालवर माणूस माझा पाहिजे. म्हणून आता आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जेठही तिथे येतात, त्यांच्या मिलची परवानगी काढून. रिक्षात ते पुढे ड्रायव्हरजवळ बसतात, आम्ही मागे.

तिथली शेड पत्र्याची आहे, मधे खांब नाही. पहिल्या दिवशी मी दारातच थबकले. जेठांनी इकडेतिकडे बघितलं, बाहेर गेले, एक रिकामा निळा ड्रम लोटत आणला आणि मधोमध उभा केला. मग कामाला लागले.

मी ड्रमच्या अलीकडे स्टुलावर बसते आणि वाटाणे सोलते, कारण मला आता तिथे फारसं काम नसतं. बाई बोलतात, जेठ बघतात, कधी पाना वाजतो, बहुतेक वेळा वाजत नाही. परवा बाई काहीतरी म्हणाल्या आणि जेठ मोठ्याने हसले. मी त्यांना कधी हसताना ऐकलं नव्हतं. माझं लक्ष वाटाण्यात होतं, मला कळलंच नाही काय ते. थोडा वेळ मी थांबले, मग राहवेना. ड्रमला विचारलं, "काय म्हणाल्या?"

बाई म्हणाल्या, "तिला सांगू नका."

जेठांनी पाना पुसला आणि ड्रमला म्हणाले, "काही नही."